परदेशातल्या शाळेत कथक : ४५ मिनिटांत काय मावते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टी जवळ आली की आपल्याकडच्या नृत्यवर्गांत ‘आंतरराष्ट्रीय शैक्षणिक दौऱ्या’ची पत्रके फिरू लागतात. परदेशातले एखादे शहर, भाड्याचे सभागृह, प्रत्येक गटाला सहा मिनिटे, समोर बसलेले इतर गटांचे पालक आणि शेवटी चषक व प्रमाणपत्र. मुलांना विमान दिसते, हे खरे. पण अशा दौऱ्यात त्या देशातला एकही विद्यार्थी भेटत नाही. त्याला सहल म्हणावे, आमची हरकत नाही. शैक्षणिक दौरा म्हणजे तिथल्या शाळेच्या वर्गात जाऊन, ज्यांनी ‘तबला’ हा शब्दही ऐकलेला नाही अशा ३० मुलांना एका तासिकेत काहीतरी हाताला-पायाला लागेल असे देऊन येणे. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडी या भागांत गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत विशारदपर्यंत पोहोचलेली मुले-मुली आहेत. त्यांना हे काम जमण्यासारखे आहे. मात्र रंगमंचावर उत्तम नाचणारी व्यक्ती वर्गात उत्तम शिकवेलच असे नाही. तिथे नेमके काय अडते, यासाठी हे पत्र.

पहिली चूक यादीची. संगीत नाटक अकादमीने शास्त्रीय म्हणून मान्यता दिलेल्या शैली आठ : भरतनाट्यम, कथक, कथकळी, कुचिपुडी, ओडिसी, मणिपुरी, मोहिनीअट्टम आणि २००० साली मान्यता मिळालेली आसामची सत्रिय. या आठही एका तासात दाखवायचा मोह आयोजकांना फार होतो. परदेशातली मराठी मंडळेही ‘सगळ्या भारताचे दर्शन घडवा’ असे लिहून पाठवतात. मग होते काय, की नर्तकांचा निम्मा वेळ कपडे बदलण्यात जातो आणि मुलांच्या लक्षात राहतो तो फक्त साड्यांचा रंग. एकच शैली न्यावी, आणि जी आपण दहा-बारा वर्षे शिकलो आहोत तीच न्यावी. उरलेल्या सात शैलींसाठी भिंतीवर एक नकाशा पुरतो.

दुसरे, तासिका ४५ मिनिटांची असली तरी हाती ३८च लागतात. बूट-मोजे काढणे, हजेरी आणि रांग यांत बाकीची जातात. त्यामुळे सुरुवातीला भाषण नको. मुले आत येत असताना नर्तकाने उभे राहावे, तबलजीने ठेका धरावा आणि दोन-तीन मिनिटांचे शुद्ध नृत्त (अभिनयाशिवायचा, फक्त तालावरचा नाच) करून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, थांबावे. नाव, गाव, देश हे सगळे त्यानंतर. सुरुवातीलाच ‘भारत हा प्राचीन देश आहे’ असे ऐकले की मागची रांग लगेच खिडकीबाहेर बघू लागते.

नृत्ताच्या पाठोपाठ ताल. इथे घाई करू नये, कारण आपल्या नृत्यातली सर्वांत सहज ओलांडता येणारी सीमा हीच आहे. तीनताल १६ मात्रांचा (ठोक्यांचा), चार-चारचे चार विभाग, टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, खाली (टाळीऐवजी हात रिकामा ठेवायची जागा) नवव्यावर. लय मिनिटाला ६० मात्रांच्या आसपास ठेवावी, म्हणजे एक आवर्तन (तालाची पूर्ण फेरी) १६ सेकंदांत पूर्ण होते. मुलांना आपले बोल (‘ता थेई’सारखे तालाचे शब्द) लगेच देऊ नयेत. आधी त्यांच्याच भाषेत १ ते १६ मोजायला सांगावे. आठपर्यंत सगळे सुरळीत चालते आणि नवव्या मात्रेला अर्धा वर्ग टाळी मारून मोकळा होतो. त्यांना माहीत असलेल्या गाण्यांत चार-चारच्या गटाचा पहिला ठोका कधी रिकामा दाखवत नाहीत, म्हणून हात आपोआप मिटतो. यावर उपाय सोपा : खालीला हात नुसता बाजूला टाकायचा नाही, तर तळवा वर करून जणू शेजाऱ्याला काहीतरी देऊ करायचे. हाताला दुसरे काम मिळाले की टाळी वाजत नाही.

ताल हाताला बसला की तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणून समेवर येणे. आमच्या मते संपूर्ण तासिकेत एकच गोष्ट शिकवायला मिळाली तर ती तिहाई असावी. लहान मुलांसाठी सर्वांत सोपी : खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून ‘तत् तत् थेई’ तीनदा, मध्ये न थांबता. तीन त्रिक नऊ मात्रा, शेवटचा ‘थेई’ पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. मुले आठपर्यंत आकडे मोजतात, नवव्यापासून बोल म्हणतात आणि समेवर सगळा वर्ग एकदम थांबतो. तो थांबण्याचा आनंद समजावून सांगावा लागत नाही.

दहा वर्षांच्या पुढच्या मुलांना समेपासून सुरू होणारी द्यावी. ‘ता थेई थेई तत् थेई’ हा पाच मात्रांचा तुकडा तीनदा आणि मधल्या दोन ठिकाणी एकेक मात्रा मौन. पंधरा अधिक दोन म्हणजे सतरा, आणि सतरावी मात्रा म्हणजेच सम. इथे हमखास होणारी चूक म्हणजे मौन गिळणे. दोन्ही मौने गिळली की वर्ग पंधराव्या मात्रेवर येऊन उभा राहतो आणि तबला अजून दोन मात्रा चालूच असतो. चूक अशी उघड ऐकू येते, म्हणून ती दुरुस्तही लवकर होते. मौनाच्या मात्रेवर ओठांवर बोट ठेवायला सांगितले की काम भागते. वर्गात गणिताचे शिक्षक बसले असतील तर पुढचे कोडे त्यांच्यासाठी : चार मात्रांचा तुकडा समेपासून सुरू केला तर मौन अडीच-अडीच मात्रांचे घ्यावे लागते. तोच दुसऱ्या मात्रेपासून उचलला तर दोन-दोन पुरतात. मुले कागद-पेन्सिल घेऊन हे स्वतः शोधून काढू शकतात, आणि पुढच्या भेटीपर्यंत तीन-चार नव्या तिहाया तयार करून ठेवतात.

मग पाय. तत्काराचा (कथकच्या मूळ पदन्यासाचा) पहिला भाग ‘ता थेई थेई तत्’ उजवा-डावा-उजवा-डावा असा कवायतीसारखा जातो, त्यात अडचण नाही. ‘आ थेई थेई तत्’ मात्र डाव्यापासून सुरू होते. म्हणजे चौथी आणि पाचवी मात्रा लागोपाठ डाव्याच पायावर पडते. मुलांचे पाय चालण्याच्या सवयीने उजव्यावर जातात आणि वर्गाचे दोन तट पडतात. ‘पुन्हा तोच पाय’ असे पाचव्या मात्रेआधी मोठ्याने म्हणावे, किंवा डाव्या पायाला रंगीत रिबीन बांधावी. पाय दोन-तीन बोटे उचलायचा, गुडघ्यापर्यंत नाही. तळवा सपाट पडला पाहिजे. उत्साहात टाच आपटणारी मुले दुसऱ्या दिवशी लंगडतात आणि मग शाळेतून पत्र येते.

चक्कर, म्हणजे गिरकी, मुलांना हवेच असते. ते फक्त दाखवावे. नजर एका बिंदूवर रोखायला आठवडे लागतात आणि त्याशिवाय मारलेले तिसरे चक्कर म्हणजे एक मूल भिंतीवर.

भरतनाट्यम नेणाऱ्यांनी अरैमंडीचा (गुडघे बाहेर वळवून अर्धे बसण्याचा) हट्ट वर्गात धरू नये. न सरावलेल्या मुलांचे गुडघे बाहेर जाण्याऐवजी पुढे येतात, कंबर मागे जाते, आणि तसेच बसून दहा मिनिटे तट्ट अडवू (पाय आपटण्याचा पहिला पाठ) करून घेतले तर गुडघ्यांवर नको तो भार येतो. वीस सेकंद बसवावे, उभे करावे. अडवू उभ्यानेच चालवावा आणि खरी बैठक शिक्षकाने करून दाखवावी.

जमीन आधी विचारून घ्यावी. व्यायामशाळेची लाकडी जमीन पायांना उत्तम, पण पितळी घुंगरांनी तिच्यावर ओरखडे येतात म्हणून काही शाळा ऐनवेळी नकार देतात. जेवणाच्या हॉलमध्ये अनवाणी चालू देत नाहीत. काँक्रीटवर पातळ थर टाकलेली जमीन दिसायला छान, पण तिच्यावर दिवसाला तीनपेक्षा जास्त तासिका घेतल्या तर नर्तकाच्या नडग्या दुखायला लागतात. मुलांनी एक तर पूर्ण अनवाणी यावे किंवा बूट घालून. फक्त मोजे घालून कधीही नाही, लाकडावर ते साबणासारखे सरकतात. ३० मुलांना हात पसरून उभे राहायला साधारण दहा मीटर बाय आठ मीटर जागा लागते. ती नसेल तर वर्ग अर्धा करून दोन फेऱ्या घ्याव्यात.

हस्तमुद्रांचा क्रम परीक्षेच्या क्रमाने देऊ नये. अभिनयदर्पण या संस्कृत नृत्यग्रंथातले २८ असंयुत (एका हाताचे) हस्त पाठ असणे ही आपली शान, मुलांना त्यांतले चार पुरतात. पताक, अर्धचंद्र, शिखर आणि मयूर. श्लोकात पताकाच्या लगेच मागे येणारी त्रिपताक मुद्दाम टाळावी, कारण अनामिका एकटी दुमडणे सरावाशिवाय जमत नाही, करंगळीही सोबत खाली येते आणि मूल हिरमुसते. मयूरात त्याच अनामिकेला अंगठ्याचा आधार मिळतो म्हणून ती सोपी. बोटे जमली की नजर : हात जिथे जाईल तिथे डोळे गेले पाहिजेत. ‘तुमच्या मोराकडे तुम्हीच बघितले नाही तर आम्ही का बघू?’ एवढे म्हटले तरी पुरते.

कथेसाठी सिंधुदुर्गच्या मंडळींकडे आयते धन आहे. अभिनयदर्पणात दहा अवतारांचे हस्त वेगळे दिलेले आहेत. मत्स्य, कूर्म, वराह यांचे हात करून दाखवले की मुले प्राणी ओळखतात, भाषा आडवी येत नाही. इथेच आपल्या दशावताराबद्दल दोन वाक्ये बोलावीत, पण ते लोकनाट्य आहे हे स्पष्ट सांगून. जाखडी, नमन, दशावतार यांना ‘कोकणचे शास्त्रीय नृत्य’ म्हणून खपवणे हा त्या कलांचाही अपमान आहे. त्यांना त्यांच्या नावाने न्यावे आणि त्यांच्या कलाकारांनी न्यावे. आठ शैलींत महाराष्ट्रात जन्मलेली एकही नाही. हे कबूल करायला लाज कसली?

उलट सांगण्याजोगे खरे पुष्कळ आहे. तंजावरच्या मराठा दरबारात नृत्यासाठी मराठी रचना झाल्या. दुसऱ्या सरफोजीराजांच्या (कारकीर्द १७९८ ते १८३२) काळात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चौघे भाऊ त्या दरबारात होते, आणि भरतनाट्यमच्या आजच्या मार्गमची (कार्यक्रमातल्या रचनांच्या ठरलेल्या क्रमाची) घडण त्यांच्याशी जोडली जाते. सरफोजीराजांची मराठी निरूपणे (नृत्यासाठीच्या रचना) आचार्य पार्वतीकुमार यांनी अभ्यासून रंगमंचावर आणली. परदेशातल्या मराठी मुलांसमोर नाचायचे असेल तर तमिळ वर्णम (भरतनाट्यममधली मोठी रचना) समजावत बसण्यापेक्षा एखादा मराठी तुकडा घ्यावा. त्यांना घरात ऐकलेले शब्द अचानक नाचात सापडतात.

याच्या उलट ‘आमचे नृत्य पाच हजार वर्षे जुने’ हे वाक्य प्रत्येक दौऱ्यात कोणीतरी टाळ्यांसाठी बोलतेच. वरच्या वर्गातली मुले नंतर स्वतः शोधतात आणि तोंडघशी आपण पडतो. नाट्यशास्त्र प्राचीन आहे. देवदासींनी आणि त्यांच्या नट्टुवनार गुरूंनी जपलेल्या सादिर या नृत्याला विसाव्या शतकात आजचे रंगमंचीय रूप आणि भरतनाट्यम हे नाव मिळाले, १९३६ मध्ये रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी मद्रासला कलाक्षेत्राची स्थापना केली, आणि १९४७ मध्ये मद्रास प्रांतात कायद्याने देवदासी प्रथा बंद झाली. कथक मंदिरातही होते आणि लखनौच्या वाजिद अली शाहच्या दरबारातही. गुंतागुंत असलेला इतिहास मोठ्या मुलांना जास्त आवडतो.

‘मुलगे नाचतात का?’ हा प्रश्न जवळपास प्रत्येक वर्गात येतो. उत्तर तोंडाने देण्यापेक्षा चमूत एक मुलगा असावा. कथकळी परंपरेने पुरुषांची, दशावतारात स्त्री-भूमिकाही पुरुषच करत आले, कथकची घराणी पिढ्यान्‌पिढ्या गुरुजींनीच चालवली. घुंगरू बांधलेला मुलगा समोर उभा असला की मागे रेंगाळणारे मुलगे पुढे येतात.

आता काही नाजूक गोष्टी. आपल्याकडे गुरू विद्यार्थ्याचा खांदा, कोपर, कंबर हाताने धरून नीट करतात. तिथे हे चालत नाही. स्वतःच्या शरीरावर दाखवावे, आरशासारखे समोर उभे राहावे. वर्गशिक्षकाला ‘तुम्ही चहा घ्या’ म्हणून बाहेर पाठवू नये, त्यांनी खोलीतच थांबायचे असते. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी परवानगीशिवाय काढू नयेत, आणि आपल्या वर्गाच्या पानावर टाकू तर नयेतच. अनेक शाळा येणाऱ्या पाहुण्यांचे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागतात. ते पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळते, महिनाभर आधी अर्ज करावा. भूमिप्रणामाचा अर्थ सांगावा, की जिच्यावर पाय आपटणार तिची आधी क्षमा मागतो. पण तो करणे मुलांवर सोपवावे. प्रार्थना म्हणून घेण्याचा आग्रह झाला तर पालकांची तक्रार येते आणि पुढच्या वर्षीचे आमंत्रण जाते.

सामानाबद्दल. प्रत्येक पायात शंभर अशा घुंगरांच्या जोडीचे वजन दोन किलोच्या पुढे सहज जाते. ती हातातल्या बॅगेत ठेवली तर तपासणीत बॅग उघडली जाणारच. खालच्या सामानात टाकावी. आपल्या दमट हवेत पावसाळ्यानंतर दोरी कुबट होते, पितळेवर हिरवा थर चढतो, भरतनाट्यमच्या चामडी पट्ट्यांना बुरशी येते. निघण्यापूर्वी दोन दिवस उन्हात ठेवून, सैल गाठी पुन्हा ओवून घ्याव्यात. वर्गात निसटलेले घुंगरू अनवाणी पायाखाली आले तर रक्त निघते. मुलांना बांधायला २५ घुंगरांच्या चार जोड्या पुरे.

तबला इथे ओल्या हवेने उतरतो, तिथल्या हीटर लावलेल्या कोरड्या खोलीत चढतो. तासिकेच्या अर्धा तास आधी तो हॉलमध्ये ठेवावा आणि मगच लावावा. हातोडी विसरून हातातल्या बॅगेत राहिली तर विमानतळावरच सोडावी लागते. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची आहे, इथला लेहऱ्याचा (तालाच्या आवर्तनाबरोबर फिरत राहणाऱ्या धूनेचा) किंवा तानपुऱ्याचा विजेवरचा डबा तिथे सरळ लावून चालत नाही. कृष्णाच्या मुकुटातले खरे मोरपीस घरी ठेवावे, मोरपिसांच्या निर्यातीला आपल्याकडे बंदी आहे. कापडी पीस लांबून तसेच दिसते. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला चामड्याची आणि लाकडाची वाद्ये विमानतळावर जाहीर करावीच लागतात, आणि यजमानांसाठी नेलेले काजू, आमसुले, फणसपोळीही. लपवले तर दंड.

आलता (पायांना लावायचा लाल रंग) नको. तो सुकायला वेळ लागतो आणि शाळेच्या लाकडी जमिनीवर लाल पावले उमटतात. पूर्ण आहार्य (वेशभूषा, दागिने, रंगभूषा) चढवायला दीड-दोन तास लागतात, म्हणजे नऊच्या तासिकेसाठी पहाटे उठणे आले. सरावाची साडी किंवा कुर्ता-चुडीदार घालावा आणि पूर्ण पोशाख हँगरवर टांगून दाखवावा. दागिने हातात घेऊन बघायला मिळाले की मुले जास्त खूश होतात.

तारखा ठरवताना दोन्हीकडची पंचांगे बघावी लागतात. आपल्या मुलांना मे महिना मोकळा. तेव्हा ब्रिटनमध्ये मोठ्यांच्या परीक्षा चालू असतात आणि महिनाअखेरीस आठवड्याची सुट्टी असते, पण प्राथमिक शाळा त्याआधी सापडतात. ऑस्ट्रेलियात मात्र एप्रिलअखेर ते जूनअखेर ऐन सत्र चालू असते, तेव्हा मे महिन्यासाठी तो देश सोयीचा. सप्टेंबरात युरोपातल्या शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात, पाहुणे नको असतात. शिवाय गणपतीत कोकणातला माणूस कुठे जाणार? दिवाळीनंतरचा नोव्हेंबर चांगला. पावसाळ्यात जायची वेळ आलीच तर कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक आणि दरडी लक्षात घेऊन विमानाच्या आदल्या रात्री मुंबईत पोहोचलेले असावे.

मानधन घेणार असाल तर पर्यटक व्हिसावर जाऊ नका. अमेरिकेत सांस्कृतिक वैशिष्ट्य असलेली कला सादर करणाऱ्या आणि शिकवणाऱ्या कलाकारांसाठी पी-३ हा वर्ग आहे, त्याचा अर्ज तिथल्या यजमान संस्थेने करायचा असतो. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, १५ दिवसांच्या आत आल्यावर नाही. चमू चौघांचा पुरतो : दोन नर्तक, एक तबलजी जो पढंतही करेल, म्हणजे बोलही म्हणेल, आणि एक बोलणारा. बारा जणांचा जथा नेला की यजमानांचे सगळे लक्ष जेवणावर आणि गाड्यांवर जाते.

मराठी मंडळांना एकच विनंती. दहा शाळांत एकेक भेट ठरवू नका. तीन शाळा निवडा आणि प्रत्येकीत आठवड्याभरात तीनदा पाठवा. पहिल्या भेटीत ताल, दुसरीत पाय आणि हात, तिसरीत मुलांनी केलेल्या तिहाया. मधल्या दिवसांसाठी वर्गशिक्षकांकडे ६० च्या लयीतला दहा मिनिटांचा लेहरा आणि त्यांच्या लिपीत लिहिलेले बोल ठेवले तर रोज पाच मिनिटे वर्ग स्वतःच चालतो. लेहरा स्वतः वाजवून ध्वनिमुद्रित केलेला असावा, विकत घेतलेल्या ध्वनिमुद्रणाच्या हक्कांचा प्रश्न मग उरत नाही.

आणि दौऱ्याची रंगीत तालीम नाट्यगृहात करू नये. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन चौथी-पाचवीच्या वर्गावर ४५ मिनिटे करावी, आणि तीही एक शब्द मराठी न बोलता, फक्त हात, पाय आणि बोल यांवर. तीन दिवसांनी पुन्हा जाऊन मुलांना तिहाई म्हणायला सांगावी. निम्म्याहून कमी मुले समेवर आली, तर तिकिटे काढण्याआधी तासिका बदलावी.

आपले,
कथक व भरतनाट्यम शिकवणारे काही शिक्षक,
रत्नागिरी व सिंधुदुर्ग